सोरायसिस अंगावर किती टक्के आहे ते मोजायचं कसं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं टाइल्सचं दुकान आहे आणि 16 वर्षांपासून अंगावर सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर जाड, खपलीचे चट्टे येण्याचा आजार, त्यामुळे स्क्वेअर फूट आणि चट्टे दोन्ही मोजायची सवय झाली. ओपीडीच्या लायनीत, लग्नात, दुकानात टाइल्स घ्यायला आलेले लोक सुद्धा कोपराकडे बघून हळूच विचारतात, म्हणून तेच तेच प्रश्न इथे एका जागी लिहून ठेवले. औषध कोणतं घ्यायचं ते तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे फक्त मोजमाप.

केसपेपरवर डॉक्टरांनी "बीएसए 8%" असं लिहिलं आहे. मी घाबरायचं का?

नाही हो. बीएसए म्हणजे बॉडी सरफेस एरिया, अंगावरच्या एकूण कातडीपैकी किती भागावर आत्ता सोरायसिस आहे तो आकडा. 8% म्हणजे शंभरातले आठ भाग, बस. आमच्या शेजारच्या काकू तो आकडा बघून रडत आल्या होत्या, त्यांना वाटलं आठ टक्केच बरं झालं, बाकी 92 टक्के बाकी आहे. उलटं आहे ते. दवाखान्यात लिहिताना डॉक्टरांना वेळ नसतो आणि आपण विचारत नाही, म्हणून असं होतं.

एक टक्का म्हणजे नेमका केवढा भाग?

तुमच्या स्वतःच्या हाताच्या पंजाएवढा. पंजा म्हणजे नुसता तळवा नाही, बोटं जुळवलेली, अंगठा चिकटवलेला, असा मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पूर्ण पंजा. तो चट्ट्यावर ठेवायचा, जेवढा झाकला तेवढा एक टक्का. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते, नुसता तळवा धरून मोजतात. बोटं सोडली तर तळवा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो, म्हणजे मोजणी सरळ दुप्पट होऊन जाते.

खरं तर पूर्ण पंजासुद्धा बरोब्बर एक टक्का नसतो. ज्यांनी बारीक मोजलं त्यांना पुरुषांचा 0.8 टक्क्याच्या आणि बायकांचा 0.7 टक्क्याच्या आसपास मिळाला. म्हणजे पंजाने मोजलेला आकडा थोडा फुगीरच असतो. पण सगळेच तसं मोजतात, डॉक्टरसुद्धा, म्हणून तुलनेला काही बिघडत नाही. आमच्याकडे फरशी मोजताना दहा टक्के वेस्टेज धरतो ना, तसंच समजा.

दुकानदाराच्या हिशोबात सांगायचं तर मोठ्या माणसाची पूर्ण कातडी उलगडून पसरली तर साधारण 18 स्क्वेअर फूट होईल, म्हणजे दोन बाय दोनच्या साडेचार टाइल्स. दहा टक्के म्हणजे एका टाइलच्या अर्ध्याहून जरा कमी. ऐकायला थोडंसं वाटते, अंगावर असलं की कळते.

कोणाचा पंजा धरायचा? मोजणाऱ्याचा की पेशंटचा?

पेशंटचा. नेहमी पेशंटचाच. हे मी चुकून शिकलो. पाठीवरचं मला दिसत नाही म्हणून बायकोला म्हटलं तू मोज, तिने आपला पंजा ठेवून ठेवून मोजलं आणि सांगितलं, 14. मागच्या महिन्यात 11 होते. मी दोन दिवस तोंड पाडून बसलो, औषध काम नाही करून राहिलं, आता पुढे काय, सगळं डोक्यात फिरून राहिलं. मग लक्षात आलं की तिचा पंजा माझ्यापेक्षा बोटभर लहान आहे, लहान मापाने मोजलं की आकडा मोठाच येणार ना बापा! टाइल बारा बाय बारा इंचाची असली की जास्त नग लागतात, एवढं मला दुकानात कळते पण घरात नाही कळलं.

त्यावर उपाय सोपा आहे. जुन्या पेपरवर स्वतःचा पंजा ठेवा, बोटं जुळवून, पेनाने कडेकडेने आखा आणि कापा. तो कागदी पंजा कपाटात ठेवा. आता कोणीही मोजलं, बायको, पोरगा, आई, माप तुमचंच राहते. मी नंतर जाड पारदर्शक प्लास्टिकचा कापला, पुस्तकाला कव्हर घालतात त्याचा, त्यातून खालचं दिसते आणि खोबरेल तेल लागलं तरी पुसता येते.

माझे मोठे चट्टे नाहीत, सगळीकडे बारीक बारीक ठिपके आहेत. ते कसे मोजू?

हाच सगळ्यात कठीण प्रकार आहे. ठिपके पसरलेले असले की डोळा फसतो, आणि नेहमी जास्तच दिसते, डॉक्टरांचंही हेच होते, नुसत्या नजरेने सांगितलेला आकडा सहसा खऱ्यापेक्षा मोठा निघतो. कारण डोळा ठिपक्यांमधली चांगली कातडीसुद्धा त्यातच धरतो.

मनातल्या मनात ठिपके एकत्र सरकवायचे. ताटात सांडलेले पोह्याचे दाणे बोटाने एका बाजूला गोळा करतो तसं. गोळा केल्यावर पंजा भरतो का? अर्धा भरतो का? माझ्या पोटावर एकदा 40-45 ठिपके होते, बघणारा म्हणाला पूर्ण पोट गेलं, आणि गोळा करून पाहिलं तर दीड पंजा सुद्धा नाही. बोटाच्या शेवटच्या पेराएवढे ठिपके असतील तर बरेच जमले तेव्हा कुठे एक पंजा होतो.

काय काय मोजायचं? आधी चट्टा होता, आता फक्त काळा डाग उरला आहे, तो धरायचा का?

धरायचा नाही. हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे कारण आपली कातडी सावळी, चट्टा बरा झाला तरी महिनोन्‌महिने काळपट किंवा पांढुरका डाग राहतो. तो डाग म्हणजे चालू आजार नाही. डोळे मिटून बोट फिरवा: कातडी उंच लागते का, जाड लागते का, खपली निघते का? यातलं काहीच नसेल, गुळगुळीत सपाट असेल आणि फक्त रंग वेगळा असेल, तर सोडून द्या. नाही तर औषधाने चांगला गुण येऊनही तुमचा आकडा वर्षभर हलणारच नाही आणि तुम्ही म्हणाल काहीच फरक नाही.

खाजवल्याचे ओरखडे, घामोळ्या, डासाच्या गाठी हे पण नाही धरायचं. आणि एक, चट्टा सोरायसिसचाच आहे हे एकदा तरी डॉक्टरकडून पक्कं झालेलं पाहिजे, मी असे लोक पाहिले की जे दोन वर्षं गजकर्णाचं मलम लावून राहिले सोरायसिसवर, आणि काही उलटेही.

सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, मग डॉक्टर "लाल किती" ते कसं ठरवतात?

गोऱ्या कातडीवर चट्टा लालभडक दिसतो. आपल्याकडे तो जांभळट, तपकिरी, कधी करडा दिसतो, वर पांढरी खपली. म्हणून नुसती लाली शोधली तर आजार आहे त्यापेक्षा कमी धरला जातो. जाडी आणि खपली बघा, ते फसवत नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना जाड तेल थापून, खपल्या घासून काढून जाऊ नका, आपल्याला वाटते की स्वच्छ दिसायला पाहिजे, पण मग त्यांनी मोजायचं काय?

इंटरनेटवर 9 चा नियम वाचला. तो हाच का?

तो मुळात भाजलेल्या पेशंटसाठी आहे. डोकं आणि मान मिळून 9, एकेक हात 9, एकेक पाय 18, पुढचं धड 18, पाठ 18 आणि गुप्तांगाचा भाग 1, झाले शंभर. भाजते ते सलग, एकदम मोठा भाग, म्हणून तिथे तो बरा पडतो. सोरायसिस असतो कोपरावर थोडा, गुडघ्यावर थोडा, कानामागे थोडा, त्याला पंजाच बरा. पूर्ण पाठ भरली असेल तर मात्र 18 धरून त्यातून मोकळी जागा वजा करणं सोपं जाते.

एका डॉक्टरांनी 10% लिहिलं, आठ दिवसांनी दुसऱ्यांनी 20%. कोण खोटं बोलून राहिलं?

कोणीच नाही. माझंही झालं आहे हे, त्याच आठवड्यात, आणि मी दुसऱ्या डॉक्टरांशी भांडायला निघालो होतो. नजरेने मोजताना माणसागणिक एवढा फरक पडतो. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आकडा बरोबर आहे की नाही यावर डोकं नका लावू, दर वेळी तोच माणूस, तेच माप, तीच पद्धत आहे का ते बघा. चुकीची फूटपट्टी असली तरी चालेल, पण फूटपट्टी बदलू नका. मी डायरीत तारीख, कोणी मोजलं आणि कशाने मोजलं हे तिन्ही लिहितो.

किती टक्के म्हणजे जास्त?

साधारण पद्धत अशी आहे की 3 च्या खाली म्हणजे सौम्य, 3 ते 10 मध्यम, 10 च्या वर तीव्र. त्यातल्या 10 च्या रेषेवर मलम पुरेल की गोळ्या, इंजेक्शन, लाइट थेरपी लागेल याचा विचार सुरू होतो.

पण थांबा, ही वाटणी वाचून बरेच लोक तिथेच अडकतात. पुढचा प्रश्न वाचा.

माझे फक्त दोन तळहात आणि तळपाय गेले आहेत. टक्के तीन-चारच निघतात, म्हणजे माझं सौम्य का?

अजिबात नाही. आमच्या ओळखीत एक भाऊ आहेत, हॉटेलात कणीक मळायचं काम, दोन्ही तळहातांना भेगा. हिशोबाने दोन टक्के. त्या दोन टक्क्यांनी त्यांचं काम गेलं, कारण भेगाळलेल्या हाताची पोळी कोण खाईल असं मालकाला वाटलं. मांडीवर 12 टक्के असलेला माणूस फुल पॅन्ट घालून ऑफिसला जाऊन येतो. आता कोण तीव्र सांगा.

म्हणून काही जागा वेगळ्या धरतात: चेहरा, डोक्याची कातडी, तळहात, तळपाय, नखं, जांघ आणि गुप्तांग. इथे असेल तर टक्के कितीही कमी असोत, डॉक्टर मोठ्या उपचाराचा विचार करू शकतात. 2020 मधे इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलने तर सौम्य-मध्यम-तीव्र ही भाषाच बाजूला ठेवायला सांगितली. त्यांच्या मते तीनपैकी एक जरी लागू असेल तर मलमाच्या पुढचा उपचार करावा: बीएसए 10 च्या वर, किंवा यातली खास जागा, किंवा मलमाने गुण आलेला नाही. मला हे फार पटलं. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, जांघेत आहे म्हणून. लाजून लोक सांगत नाहीत, कपडे काढायला सांगितलं तर तेवढा भाग झाकून ठेवतात, आणि जे सगळ्यात जास्त छळते तेच केसपेपरवर येत नाही.

पासी स्कोअर काय असतो? बीएसए आहे तर तो कशाला?

बीएसए फक्त पसारा सांगतो. पातळ फिकट चट्टा आणि बोटभर जाड खपलीचा चट्टा, दोन्ही एक पंजा असले तर बीएसए एकच. पासीमधे पसारा आणि तीव्रता दोन्ही येतात. 1978 मधे फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन या दोघांनी एका औषधाच्या चाचणीसाठी तो वापरला आणि तेव्हापासून नव्या औषधाची चाचणी म्हटली की पासी आलाच.

अंगाचे चार भाग करतात: डोकं, हात, धड, पाय. मान डोक्यात जाते, काख आणि जांघ धडात, कुल्ले पायात. प्रत्येक भागात तीन गोष्टी बघतात, लाली, जाडी, खपली, प्रत्येकीला 0 ते 4 मार्क. मग त्या भागाचा किती हिस्सा व्यापला त्याचे 0 ते 6 मार्क: काहीच नाही तर 0, 10 टक्क्यांच्या खाली 1, 10 ते 29 ला 2, 30 ते 49 ला 3, 50 ते 69 ला 4, 70 ते 89 ला 5, आणि 90 च्या वर 6. तिन्हींची बेरीज गुणिले हिस्स्याचे मार्क गुणिले भागाचं वजन. वजन डोक्याला 0.1, हातांना 0.2, धडाला 0.3, पायांना 0.4. चारही जोडले की पासी. जास्तीत जास्त 72.

वाचून डोकं गरगरलं असेल तर माझ्या एका वाईट हिवाळ्याचा हिशोब बघा. या वजनांचा अर्थ असा की डोकं म्हणजे 10 पंजे, दोन्ही हात मिळून 20, धड 30, दोन्ही पाय 40. माझ्या डोक्यावर अर्धा पंजा, म्हणजे दहातला 5 टक्के, मार्क 1, लाली 2, जाडी 1, खपली 3, बेरीज 6, 0.1 गुणिले 1 गुणिले 6, झाले 0.6. हातांवर तीन पंजे, विसातले 15 टक्के, मार्क 2, बेरीज 6, 0.2 गुणिले 2 गुणिले 6, म्हणजे 2.4. धडावर साडेचार पंजे, तिसातले 15 टक्के, मार्क 2, बेरीज 5, म्हणजे 3. पायांवर बारा पंजे, चाळिसातले 30 टक्के, मार्क 3, बेरीज 8, म्हणजे 9.6. एकूण 15.6. त्याच दिवशी बीएसए 20. बघा, निम्म्याहून जास्त पासी एकट्या पायांनी आणला.

आता गंमत. पायांवरचे पंजे बाराच्या जागी अकरा असते तर हिस्सा 27.5 टक्के, मार्क 3 वरून 2, आणि पायांचा हिशोब 9.6 वरून 6.4. एका पंजाने तीन मार्क गेले. उलट पंधराचे बारा झाले असते तर काहीच हललं नसतं. म्हणून पासी थोडा खाली-वर झाला की मी आता बीपीसारखं घाबरत नाही.

पासी 72 पैकी असतो, माझा 9 आला, म्हणजे थोडंच आहे ना?

परीक्षेच्या मार्कांसारखं नाही धरायचं ते. 72 पर्यंत प्रत्यक्षात जवळजवळ कोणी जातच नाही, बहुतेक लोक खालच्या भागातच असतात. 10 च्या वर गेला की तीव्र म्हणतात. 9 म्हणजे उंबरठ्यावरच.

"पासी 75" आणि "पासी 90" असं औषधांच्या जाहिरातीत असते ते काय?

तो तुमचा स्कोअर नाही, सुधारणा आहे. सुरुवातीच्या पासीपेक्षा 75 टक्के कमी झाला तर पासी 75, 90 टक्के कमी झाला तर पासी 90, पूर्ण साफ तर पासी 100. माझ्या 15.6 चा 3.9 झाला असता तर पासी 75. पूर्वी 75 मिळालं की औषध पास, आता नवीन इंजेक्शनं आल्यापासून 90 आणि 100 ची भाषा चालू झाली.

रोजच्या वापरात बीएसएवरचं ध्येय सोपं पडते. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनने 2017 मधे मांडलेलं असं: उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी बीएसए 1 किंवा त्याहून कमी हे ध्येय, आणि 3 किंवा त्याहून कमी, नाही तर आधीपेक्षा 75 टक्के उतार, एवढं तरी चालेल. म्हणून उपचाराच्या पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. तो नसला तर तीन महिन्यांनी तुलना कशाशी करणार, "जरा बरं वाटून राहिलं" याच्याशी?

आकड्यात त्रास कुठे दिसतो? मला तर खाजेने झोप नाही येत.

त्याचा वेगळा कागद आहे, डीएलक्यूआय. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी 1994 मधे काढला. मागच्या आठवड्याबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 30. खाज, आग, लाज वाटणं, कोणते कपडे घालतो, लोकांत जाणं, खेळ, काम-शिक्षण, जवळच्या माणसांशी संबंध, शरीरसंबंध, आणि उपचारातच किती वेळ जातो. 0-1 म्हणजे फरक नाही, 2 ते 5 थोडा, 6 ते 10 मध्यम, 11 ते 20 खूप, त्याच्या वर फारच. फिनले यांनीच पुढे 2005 मधे दहाचा नियम सांगितला: बीएसए 10 च्या वर किंवा पासी 10 च्या वर किंवा डीएलक्यूआय 10 च्या वर, तिन्हींपैकी काहीही एक, की तो तीव्र सोरायसिस. म्हणजे तुमच्या खाजेला आणि लाजेला पंजाएवढंच वजन आहे.

खरं खरं भरा मात्र. मी पहिल्यांदा भरला तेव्हा बाजूला सासरे बसले होते, सगळीकडे "अजिबात नाही" वर टिक केली. बीएसए 20 आणि डीएलक्यूआय 1, डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

नखं कशात धरतात?

बीएसएमधे नखांचं जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून वेगळा नाप्सी स्कोअर आहे. एका नखाचे चार भाग, प्रत्येकात टोचल्यासारखे खड्डे वगैरे आहेत का आणि नखाखाली पिवळट डाग, नख सुटणं वगैरे आहे का ते बघतात, एका नखाला जास्तीत जास्त 8, हाताच्या दहांना 80. घरी एवढं करत बसू नका, किती नखं खराब आहेत तेवढं मोजा.

सांधे दुखतात त्याचा टक्क्यांशी संबंध आहे का?

सरळ संबंध नाही, आणि हेच धोक्याचं आहे. अंगावर एक टक्का असलेल्याला पण सोरायसिसचा संधिवात होऊ शकतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं किंवा कंबर आखडलेली, एखादं बोट पूर्ण सुजून जाड झालेलं, टाच दुखते, असं काही असेल तर पुढच्या मोजणीची वाट नका बघू. उशीर झाला तर सांध्याचं नुकसान परत भरून येत नाही.

मलम किती लावायचं ते पण याच टक्क्यांवरून कळते का?

हो, आणि माझ्या मते मोजायचा सगळ्यात रोकडा फायदा हाच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढा, ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन पंजांना पुरते. म्हणजे सहा टक्के असेल तर तीन रेघा, दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर तीन ग्रॅम, 30 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. आता आठवा तुमची ट्यूब किती दिवस पुरते! मी एक ट्यूब तीन महिने चालवायचो आणि वर सांगायचो की मलमाने काही होत नाही.

पण याचा अर्थ ट्यूब स्वतःच्या मनाने ओतायची असा नाही. स्टेरॉइडचं कडक मलम किती दिवस लावायचं आणि चेहऱ्याला, जांघेला लावायचं का हे डॉक्टरच सांगतील. मेडिकल स्टोअरमधून कोणी "हे चांगलं आहे" म्हणून दिलेली ट्यूब वर्षभर लावली की कातडी पातळ होते, आणि मग मोजायला गेलं तर चट्टा कोणता आणि मलमाचा परिणाम कोणता तेच समजत नाही.

कधी आणि किती दिवसांनी मोजायचं?

महिन्यातून एकदा. रोज मोजणारे लोक वेडे होतात, मी झालो होतो. आंघोळीच्या आधी, तेल-क्रीम न लावता, उजेडात. आमच्याकडे रविवारी सकाळी तर्री पोहे आणायला जायच्या आधी गॅलरीच्या खिडकीजवळ होते.

नागपूरचा मोसम पण लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड, कोरडी, खपल्या धरतात. मे महिन्यात पारा 45 ला गेला की घामाने खपली मऊ पडून निघून जाते, बऱ्याच जणांना उन्हानेही बरं वाटते. म्हणून मेचा आकडा डिसेंबरशी लावून औषधाला शाबासकी नका देऊ, मागच्या मेशी लावा.

फोटो काढून ठेवले तर चालते का? मोबाइलचं ॲप?

फोटो जरूर काढा, पण ब्यूटी मोड बंद करा, तो खपल्या पुसून टाकतो. तीच जागा, तोच उजेड, तेवढंच अंतर, आणि चट्ट्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. ॲपचा आकडा दाखवायला हरकत नाही, पण फोटोतून जाडी लागत नाही, त्याला बोटच पाहिजे.

लहान मुलाचं मोजायचं तर?

मुलाचाच पंजा, तुमचा नाही. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असते, त्याला मोठ्यांचे 9 वगैरे लावू नका. मुलगा वाढला की कागदी पंजा नवीन कापा.

आकडा 15 चा 2 झाला. औषध बंद करू का?

स्वतःच्या मनाने नाही. विशेषतः पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी दिल्या असतील तर एकदम बंद केल्यावर सोरायसिस जोरात उसळतो. आणि ज्यांना मेथोट्रेक्सेट चालू आहे त्यांनी परत एकदा चिठ्ठी वाचा, ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोजची नाही, रोज घेतली तर जिवावर बेतते.

मोजत न बसता लगेच दवाखान्यात कधी जायचं?

पूर्ण अंग लाल किंवा काळपट लाल होऊन सोलून राहिलं, थंडी वाजून राहिली, पाय सुजले, किंवा ताप येऊन अंगावर पुवाचे बारीक फोड उठले, तर पंजा-बिंजा सोडा आणि निघा. नागपुरात असाल तर मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, औषधाचं दुकान नाही), मेयो हॉस्पिटल, मिहानचं एम्स, जे जवळ असेल ते, आणि रात्र असेल तर कॅज्युअल्टी. 90 टक्के कातडी गेली की अंगातलं पाणी आणि उष्णता दोन्ही निसटतात, ती इमर्जन्सी आहे.

तुमचं स्वतःचं आता किती आहे?

मागच्या रविवारी बायकोने माझ्याच प्लास्टिकच्या पंजाने मोजलं: पाय दोन, कोपरं मिळून अर्धा, डोक्यात पाव. पावणेतीन. नखं चार खराब. उजव्या पायावर एक जुना डाग आहे त्यावरून आमचं दर वेळी भांडण होते, ती म्हणते धर, मी म्हणतो सपाट आहे, नाही धरायचा.